कोल्हापुरातलं हॉटेल पहाटे चारला तपासावं

ताराबाई पार्कातलं चार मजली हॉटेल. लिफ्ट, एसी, खाली रेस्टॉरंट, तळघरात पार्किंग. डबल डिलक्स खोली नाश्ता धरून ३,२०० रुपये, वर जीएसटी. नाव मुद्दाम दिलेलं नाही. याच साच्याची हॉटेलं स्टेशन रोडपासून राजारामपुरीपर्यंत पसरली आहेत आणि पुढचं चांगलं-वाईट थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू पडतं. आढावा पावसाळा आणि थंडी अशा दोन्ही मोसमांतल्या मुक्कामांवरून, प्रत्येक वेळी दोन माणसं धरून.

जे ठीक आहे ते आधी उरकून घेऊ. गादी घट्ट, पाठ धरत नाही. चादरी पांढऱ्या आणि जवळून पाहिल्या तरी पांढऱ्याच. वायफाय कोपऱ्यातल्या खोल्यांतही चालतं. कपाटाला कुलूप लागतं, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगचे पॉइंट आहेत. माणसं अगत्याची, बोलणं रोखठोक. लॉबीतलं झुंबर आणि संगमरवर यांना गुण द्यायचे नाहीत, कारण तिथं कुणी बसत नाही.

खरी अडचण घड्याळाची. हॉटेल चालतं दुपारी बारा ते दुपारी बारा. कोल्हापुरात येणारा माणूस मात्र एक तर अंबाबाईच्या पहाटेच्या दर्शनासाठी चारला उठतो, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी साडेसातच्या सुमारास बॅगा घेऊन उतरतो. दुपारी बाराला दारात कुणीच येत नाही. या हॉटेलातली निम्मी कुरबुर या एका विसंगतीतून निघते.

सकाळच्या गाडीनं येणार असाल तर नियम असा: सहाच्या आधी खोली हवी तर पूर्ण दिवसाचं भाडं, सहा ते नऊ अर्धं, नऊनंतर खोली तयार असेल तर फुकट. बुकिंग ॲपवरून केलं असेल तर काउंटरवरचा माणूस व्हाउचरवरच्या 'बारा'कडे बोट दाखवतो, आणि त्याचंही चुकत नाही. उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान थेट रिसेप्शनला फोन करून गाडीचं नाव सांगायचं आणि 'आज रात्री रिकामी राहणारी खोली उद्या सकाळी द्याल का' असं विचारायचं. दुपारी फोन केला तर उत्तर 'बघू' असंच येतं, कारण रात्री किती खोल्या भरणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसतं. खोली नसलीच तर तळमजल्यावर एक न्हाणीघर पाहुण्यांसाठी मोकळं ठेवलेलं आहे. टॉवेल-साबण देतात, पैसे घेत नाहीत. ही सोय जाहिरातीत कुठंच नाही, विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही, आणि हॉटेलातली सर्वांत शहाणी सोय तीच.

आता गरम पाणी. पहिल्या-दुसऱ्या मजल्याला गच्चीवरच्या सोलरची सामाईक लाइन आहे, तिसऱ्या-चौथ्याला खोलीत १५ लिटरचा गिझर. पहाटे चारला दोन्हींचा कस लागतो.

सोलरच्या खोल्यांत अडचण पाइपची. रात्रभर लाइनीत उभं राहिलेलं पाणी गार होतं. एक इंची पाइपच्या तीस मीटरमध्ये साधारण १५ लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ बादलीभर गार पाणी वाहून गेल्यावर गरम पाण्याचं तोंड दिसतं. रिसेप्शनला फोन केला की "येतंय की, जरा सोडून ठेवा नळ" असं उत्तर मिळतं. ते खरंही आहे. फक्त सोडलेलं पाणी जाळीत घालवण्यापेक्षा बादलीत धरावं, नंतर मिसळायला लागतंच. पावसाळ्यात चार दिवस ऊन नसलं की सोलरची टाकी कोमट असते, आणि तिला जोडलेला विजेचा हीटर टायमरवर सकाळी साडेपाचला लागतो. चारची आंघोळ त्याच्या हिशेबात नाही. रात्री दहाच्या आत सांगितलं तर टायमर मागे घेतात. दहानंतर ज्याला तो फिरवता येतो तो घरी गेलेला असतो.

गिझरच्या खोल्यांत हिशेब वेगळा. १५ लिटर पाणी ६० अंशांवर आणि नळाचं २४ अंशांवर असेल, तर ४० अंशांचं न्हाण्याजोगं पाणी कागदावर ३४ लिटर होतं. गरम पाणी काढताना आत गार पाणी शिरत असतं, म्हणून हाती तीसच्या आतच येतं. थंडीत नळाचं पाणी आणखी गार, म्हणून आकडा त्याहून खाली. बादली-मगानं एका माणसाची आंघोळ त्यात ऐसपैस होते. पण इथला डोक्यावरचा ताटाएवढा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, म्हणजे तिसऱ्या मिनिटाला अंगावर काटा. शिवाय २ किलोवॅटच्या गिझरला पुन्हा ६० अंशांवर यायला वीस मिनिटं लागतात. दोघांना साडेचारला निघायचं असेल तर पहिली आंघोळ पावणेचारला, दुसरी सव्वाचारला, आणि बटण मधे बंद करायचं नाही. हॉटेलनं बादली आणि मग दिलेत, हे मोठंच. आजकाल बरीच नवी हॉटेलं 'लूक' बिघडतो म्हणून बादलीच काढून टाकतात.

न्हाणीघरात दोष एकच, पण रोज पायाखाली येणारा: फरशीचा उतार जाळीकडे असायला हवा, तो दाराकडे आहे. काचेच्या पडद्याखालून पाणी बाहेर येतं आणि कमोडपुढे तळं साचतं. वायपर ठेवलाय, म्हणजे दोष मालकालाही माहीत आहे. जाळीवर केस अडकले की दहा मिनिटांत घोट्याएवढं पाणी होतं. जाळी उचलून साफ करा म्हणून सांगितलं की मुलगा लगेच येतो.

पावसाळ्यात खोली ओलसर लागते, आणि त्यावर जवळजवळ प्रत्येक पाहुणा चुकीचा उपाय करतो: एसी १८ वर. कोल्हापुरात जुलैत बाहेरच पंचवीसच्या आसपास तापमान असतं. एसी २४ वर ठेवला तर खोली मुळातच तेवढी असते, कॉम्प्रेसर थोडा चालून थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. १८ वर ठेवला तर खोली गारठते आणि सकाळी खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी सुटतं. रिमोटवर थेंबाचं चिन्ह असलेला 'ड्राय' मोड आहे, पावसाळ्यात कामाचा तोच. दोन तासांत चादरीचा ओलसरपणा जातो. सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं कुबट वास येत राहिला तर फिल्टर धुतलेला नाही. सांगितलं की अर्ध्या तासात धुऊन लावतात. युनिटखाली भिंतीवर पिवळा ओघळ दिसला तर पाणी जाणारी नळी तुंबलेली आहे, ती खोली घेऊच नका. रात्री उशीवर टपटप होतं.

ओले कपडे हा पुढचा प्रश्न. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीतला सगळा करंट जातो, एसीही. पन्हाळ्याहून भिजून आल्यावर कपडे वाळत घालून जेवायला गेलं की परत आल्यावर ते तसेच. मागितलं तर दुसरं कार्ड देतात. पंखा मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंतच आहे. वरच्या नव्या मजल्यांत पीओपीचं छत सुंदर दिसावं म्हणून पंखे लावलेलेच नाहीत. ज्या गावात वर्षातल्या बहुतेक रात्री पंख्यावर भागतात तिथं हा शौक कशासाठी, कळत नाही. म्हणजे निवड अशी: खाली पंखा आणि सोलरची लाइन, वर गिझर आणि एसीवर अवलंबून राहणं. पहाटेचं दर्शन असेल तर वर, नुसता आराम करायचा असेल तर खाली. मागच्या बाजूच्या खोल्यांखाली जनरेटर आहे. वळवाच्या दिवसांत वीज गेली की तो दहा-पंधरा सेकंदांत लागतो आणि पहिल्या मजल्याला धूर येतो. त्यावर दिवे, लिफ्ट आणि पंखे चालतात, एसी नाही.

नाश्ता साडेसातला. पहाटे दर्शन करून आलेला माणूस पावणेसातला भुकेजून परततो, आणि जोतिबाला लवकर निघणारा तर नाश्ता न बघताच जातो. आदल्या रात्री सांगितलं तर डबा मिळतो: ब्रेड-बटर, दोन केळी, उकडलेली अंडी. पोटाला आधार, एवढंच. बुफेत पोहे आणि इडली चांगली. मिसळ घेऊ नका. कट आणि मटकी एकाच भांड्यात स्पिरिटच्या दिव्यावर तासभर उकळत असते, मटकीचा लगदा होतो आणि तर्री वर वेगळी तरंगते. फरसाण शेजारी उघडं, पावसाळ्यात आठ वाजेपर्यंत मऊ. सोबत पाव ठेवलाय, तोही वडापावचा. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड असतो हे बाहेरच्याला ठाऊक नसेल, हॉटेलच्या आचाऱ्याला असायला हवं. मिसळ बाहेर खावी, आणि सकाळी अकराच्या आत.

रात्रीचं जेवण उलट चांगलं. मटण थाळीत सुकं, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी आणि भात. रस्सा मागाल तितका. भाकरी तव्यावरून थेट येते, कडा मऊ असतात. पांढऱ्या रश्शाचं मात्र वेळेवर आहे. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध घातल्यावर तो खळखळ उकळला की फुटतो, वर पांढऱ्या कण्या आणि खाली पाणी. साडेआठला आलेली वाटी रेशमासारखी होती, साडेदहाला आलेली पुन्हा तापवलेली आणि फुटलेली. नऊच्या आत जेवा. खोलीत मागवू नका, चौथ्या मजल्यावर येईपर्यंत वर तुपाची साय धरते.

गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी: तळघराचा उतार अरुंद आहे, मोठी एसयूव्ही एका दमात वळत नाही. मंदिराकडे गाडी नेऊच नका. बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावून पुढचा रस्ता पायी, किंवा हॉटेलातूनच रिक्षा.

जुलै-ऑगस्टचं बुकिंग असेल तर पंचगंगेची पातळी बघून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तेव्हा व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली हे भागही पाण्यात होते. म्हणून पावसाळ्यात कुठल्याही हॉटेलला दोन गोष्टी विचारायच्या: पूर आला होता तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, आणि रस्ता बंद झाल्यास तारीख बदलून मिळेल का. या हॉटेलनं तारीख बदलून द्यायचं कबूल केलं, पण ते थेट बुकिंगलाच. ४० फुटांच्या वर बातमी आली की तळघरातली गाडी वर काढायला तेच फोन करतात.

उलट टोकाची गर्दी किरणोत्सवाची, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या चरणांपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, त्यामुळे तिसऱ्या दिवसाची खोली सर्वांत आधी जाते. नवरात्र आणि जोतिबाची चैत्र यात्रा याबद्दल तर सांगायलाच नको. त्या दिवसांत वरचे दर लागू नाहीत.

बिल तपासून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. दोन रात्रींचे ६,४०० आणि कर ३२०, एकूण ६,७२०. रेस्टॉरंटच्या बिलात सेवा शुल्क आपसूक लावलेलं दिसलं. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते असं लावता येत नाही. सांगितल्यावर हुज्जत न घालता काढलं, म्हणजे न सांगणाऱ्यांकडून घेतलं जातं.

चेक-आउट बाराला आणि मुंबईची महालक्ष्मी रात्री नऊच्या आसपास. बॅगा फुकट ठेवतात, पावती देतात. गावात दिवसभर फिरून गाडीआधी अंघोळ हवी असेल तर संध्याकाळी चार ते साडेआठ खोली १,२०० रुपयांत मिळते, मात्र सकाळी दहाच्या आत सांगायला हवं. ही खोली वरच्या मजल्यावरची घ्यावी आणि आत शिरल्या शिरल्या गिझरचं बटण दाबावं, कारण साफसफाई करणारे ते बंद करून जातात. रिक्षा सव्वाआठची सांगा. स्टेशन दोन किलोमीटरच्या आतच, पण संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला गाड्या तुंबलेल्या असतात.