पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, सेटर आहे. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, सिडकोत घरी येईस्तोवर बारा. एवढ्या रात्री सरळमार्गी माणूस जेवतो आणि झोपतो. मी गेली दोन वर्षं जेवतो आणि रॉकेट उडवतो.

दोष भाच्याचा. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. त्यात ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा गेम होता. “मामा, यात गोळीबार नाहीये. माणसं मरतात, पण तुझ्याच चुकीने,” एवढीच ओळख करून दिली त्याने. पुढे सेल लागला तेव्हा मी स्वतःच्या पैशाने विकत घेतला, तेव्हा हे मत फुकट्याचं नाही.

गेम तसा जुना. मेक्सिको सिटीत स्क्वाड नावाची, मुळात जाहिरातीबिहिरातींची कामं करणारी कंपनी होती. तिथल्या फेलिपे फालांगे या नोकरदाराच्या डोक्यातून निघालेला. 2011 ला कच्चं रूप आलं, 2015 ला पूर्ण. दुसरा भाग 2023 मध्ये अर्धवट विक्रीला आला आणि अर्धवटच राहिला, त्याच्या वाटेला जाऊ नका. मी सांगतोय ते पहिल्याबद्दल.

कर्बिन नावाचा ग्रह, त्यावर हिरवी, टकली, कायम खुशीत असलेली बुटकी माणसं. त्यांच्यासाठी टाक्या, इंजिनं, पॅराशूट एकावर एक रचायचे आणि स्पेसबार दाबायचा. प्रत्येक दाबाला पुढचा टप्पा सुरू होतो. टप्प्यांचा क्रम चुकला तर जमिनीवरच पॅराशूट उघडतं, किंवा चालू इंजिन सुटून खाली पडतं आणि वरची मंडळी हसतमुखाने त्याच्यावर येऊन बसतात. पैसे आणि कंत्राटं सांभाळायचा एक ‘करिअर’ प्रकारही आहे. तो मला आमच्या अप्रायझलसारखा वाटला, सोडून दिला.

पहिली आठ-दहा रॉकेटं मी सरळ वर सोडली. वरच जायचंय ना? कर्बिनची हवा 70 किलोमीटरला संपते. माझं रॉकेट शंभरच्या वर गेलं, मी बायकोला उठवायला निघालो, परत येऊन बघतो तर ते खाली निघालेलं. वर फेकलेला दगड येतो तसं, आल्या वाटेने.

अण्णा मागे खुर्चीत बसले होते. अण्णा म्हणजे वडील; ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग विमानांच्या ओव्हरहॉलवर सबंध नोकरी गेली त्यांची. आता अठ्ठ्याहत्तर, झोप येत नाही, म्हणून माझ्याकडे येऊन बसतात. ते म्हणाले, “वर काय नेतोस एकसारखं? आडवं ने की.”

तिथे गाडी रुळावर आली. वर जायचं ते फक्त हवेच्या तावडीतून सुटण्यापुरतं. खरा खर्च आडव्या वेगाचा. कर्बिनभोवती 80 किलोमीटर उंचीवर टिकायचं तर सेकंदाला सुमारे 2,280 मीटर आडवा वेग लागतो. आपल्या पृथ्वीजवळ तोच साडेसात-आठ किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून रॉकेट सुटल्यावर थोड्याच वेळात कलायला लागतं. टीव्हीवर श्रीहरिकोटाहून सुटलेलं रॉकेट तिरकं जाताना दिसलं की आमच्या कँटीनमध्ये कोणीतरी हमखास “गेलं वाटतं” म्हणायचं. त्यात मीही होतो, नाकारत नाही.

जाता जाता एक धातूवाल्याची शंका. कर्बिनची त्रिज्या 600 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या साधारण दहावा हिस्सा, आणि गुरुत्व मात्र आपल्याइतकंच. मी एका रात्री हिशोब केला, घनता पाण्याच्या 58 पट येते. सोनं 19 पट. माझ्या ड्रॉवरमधला कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलला लावायचं छोटं पातं, जो चिमटीत धरला तरी जड लागतो, तो 15 पट. म्हणजे हा ग्रह कशाचा बनलाय ते देवालाच माहीत. पण खऱ्या मापाचा केला असता तर कक्षेत जायलाच आठ-नऊ मिनिटं लागली असती आणि इंधनाच्या टाक्या घराबाहेर आल्या असत्या. खेळासाठी मारलेली थाप आहे, योग्य जागी मारलीय.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

23 ऑगस्ट 2023, संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटं. चांद्रयान-3 उतरताना आमच्या इथे मशीन बंद करायला खुद्द मॅनेजरने सांगितलं, सगळे कँटीनच्या टीव्हीपुढे. टाळ्या झाल्या, पेढे झाले, आणि मग तोच प्रश्न: अमेरिकेचं अपोलो-11 चार दिवसांत उतरलं, आपल्याला 14 जुलैपासून चाळीस दिवस का? उत्तर तयार होतं, “आपलं स्वस्तात असतं ना!” मी मान डोलावली. स्वस्त म्हणजे हळू, एसटीसारखं, असंच काहीतरी डोक्यात होतं.

वर्षभराने गेममध्ये एक छोट्या इंजिनाचं यान मनकडे पाठवायला घेतलं. मन म्हणजे कर्बिनचा चंद्र, 12,000 किलोमीटरवर. इंजिन दमाचं नव्हतं. एका दमात वेग वाढवायला गेलो तर जाळ चालू असतानाच यान अर्धी प्रदक्षिणा पुढे गेलं, नको त्या दिशेला ढकललं गेलं, इंधनाचं पाणी. मग तुकडे केले. ग्रहाच्या सगळ्यात जवळच्या टोकाला आल्यावर थोडं इंजिन चालवायचं, बंद करायचं, फेरी मारून परत त्याच टोकाला यायचं, परत चालवायचं. झोका सगळ्यात खाली, सगळ्यात वेगात असतो तेव्हा रेटा देतात, तसं. तेवढ्याच इंधनातून वेग जास्त असताना ऊर्जा जास्त पदरात पडते. दर फेरीला कक्षेचं दुसरं टोक लांब लांब जात राहिलं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. हे चित्र मी पेपरात पाहिलं होतं! चांद्रयान-3 ने पाच वेळा हेच केलं. पाचव्या वेळी त्याची कक्षा 236 किलोमीटर ते 1,27,609 किलोमीटर अशी ताणली गेली होती आणि मग चंद्राकडे शेवटचा रेटा. त्यात गरिबी कसली, सगळा हिशोब आहे. पेपरातल्या त्या अंडाकृती रेघांवरून मी चहाचा कप उचलून पुढचं पान उलटलं होतं.

उतरण्याचं तसंच. माझं पहिलं यान मनवर उतरलं ते उतारावर. पाय टेकले, मी हात वर केले, आणि ते सावकाश, अगदी सावकाश कलंडलं. चांद्रयान-2 नंतर इस्रोने पाय भक्कम केले, इंधन वाढवलं आणि उतरायची जागा 500 मीटर बाय 500 मीटरवरून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, हे मी तेव्हा वाचलं होतं. पण टॉलरन्स, म्हणजे चुकायला ठेवलेली जागा, वाढवला म्हणजे काय केलं, हे कलंडलेल्या यानाकडे बघताना कळलं. आणि उतरल्यावर काही दिवसांनी विक्रमने, म्हणजे चांद्रयान-3 च्या उतरणाऱ्या यानाने, परत इंजिन चालवून 40 सेंटिमीटर उडी मारली होती, तिची बातमी बहुतेकांनी सोडून दिली. मला आता ती उतरण्याइतकीच मोठी वाटते. चंद्रावर उभ्या असलेल्या यानाचं इंजिन परत पेटतं, हे बघितलं त्यांनी. परत यायचं असेल तर तिथूनच सुरुवात.

डॉकिंगला, म्हणजे दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडायला, मला अकरा रात्री लागल्या. दोन यानं एकाच कक्षेत, दुसरं तुमच्या पुढे. गाठायचं कसं? द्वारका चौकात वाढलेला माणूस ॲक्सिलरेटर दाबणार. दाबलात की तुमची कक्षा वर फुगते, फेरीला वेळ जास्त लागतो, आणि पुढचा आणखी पुढे. गाठायचं असेल तर ब्रेक मारायचा: खाली या, आतली छोटी फेरी लवकर संपते, आपोआप जवळ जाता. डोक्याला कळलं तरी बोटांना कळायला आठवडा गेला.

त्याच सुमारास इस्रोचा स्पेडेक्स, म्हणजे डॉकिंगचाच प्रयोग, चालू होता. 30 डिसेंबर 2024 ला दोन उपग्रह गेले, तारखा पुढे ढकलल्या, 12 जानेवारीला 15 मीटर, मग 3 मीटरपर्यंत आले आणि मुद्दाम मागे घेतले. आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर टिंगल: तीन मीटरवरून घाबरले! अरे, तुम्ही सगळे मशीनवाले ना? नवा प्रोग्राम लावल्यावर कापायच्या तुकड्याच्या वर टूल थांबवून, फीड शून्यावर आणून, प्रोग्रामची एकेक ओळ चालवत डोळे फाडून बघता ते काय घाबरून? ड्राय रन होता तो, खऱ्या कामाआधीची रंगीत तालीम. 16 तारखेला जोडले. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं. तीन अंगठे आले, त्यातला एक चुकून.

अण्णांना या सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी. दुसऱ्या ग्रहावर जायचं तर कधीही निघता येत नाही, दोन्ही ग्रह ठराविक कोनात येईपर्यंत थांबावं लागतं. मंगळासाठी अशी संधी साधारण 26 महिन्यांनी येते. म्हणूनच 2013 च्या नोव्हेंबरात आपलं मंगळयान 5 तारखेला आणि अमेरिकेचं मेवन 18 तारखेला निघालं, आणि पुढच्या सप्टेंबरात दोन-तीन दिवसांच्या अंतराने पोचलं. “म्हणजे मुहूर्तच की,” अण्णा म्हणाले. मी वाद घालणार होतो. पण आपल्या गावात सिंहस्थ कशावर ठरतो? गुरू सिंह राशीत आला की. आणि गुरू सूर्याभोवती एक फेरी 11.86 वर्षांत मारतो, म्हणून साधारण बारा वर्षांनी आपले रस्ते खणले जातात. वादात मी हरलो, असं अण्णांचं मत आहे.

गेमचे तोटे आहेत आणि ते छोटे नाहीत. शिकवणी भिकार, दोन पायऱ्या दाखवून तिसरीला हात सोडतो. सगळं इंग्रजीत, त्यात ‘प्रोग्रेड’, ‘ॲपोॲप्सिस’ असले शब्द. मराठी माध्यमातल्या पोराला पहिल्या तासात पळवून लावतील. मी त्याला ‘पुढची दिशा’ आणि ‘लांबचं टोक’ म्हणतो, काही अडत नाही. एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्व धरतो, दोघांची ओढाताण दाखवतच नाही. त्यामुळे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल1 पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जिथे जाऊन बसलंय, तशी जागा या गेममध्ये अस्तित्वातच नाही. मला याचं खरोखर वाईट वाटलं. आणि दोनशे भागांचं यान जोडलं की जुना लॅपटॉप गिरणीसारखा घरघरतो, वरचं घड्याळ पिवळं होतं, सेकंदाला तीन सेकंद लागतात. कधीकधी यान उगाच थरथरून स्वतःचे तुकडे करतं. खेळणारे त्याला ‘क्राकेन’ म्हणतात, समुद्रातला राक्षस. आमच्याकडे अशा वेळी मेंटेनन्सला फोन करतात.

आणखी एक नुकसान: अवकाशाचे सिनेमे हातचे जातात. पडद्यावर नायक दांडा ओढतो, यान रिक्षासारखं यू-टर्न घेतं, आणि मी अंधारात पुटपुटतो, “इंधन कोणी भरलं?” बायकोने आता माझ्यासोबत बघायचं सोडलंय. विज्ञानकथेचं मात्र उलट झालं. 2021 च्या डिसेंबरात आपल्याकडे आडगावला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते जयंत नारळीकर, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मी गेलो होतो, पण खरं सांगतो, पुस्तकांपेक्षा भजी जास्त घेतली. शाळेत त्यांच्या कथा परीक्षेपुरत्या वाचलेल्या. 2025 च्या 20 मेला ते गेले तेव्हा परत काढून वाचल्या. आकडे आले की पूर्वी डोळा पुढे सरकायचा. आता तिथेच थांबतो.

बातम्याही तशाच. 2025 च्या जुलैत 3आय/ॲटलास हा धूमकेतू सापडला, आणि ग्रुपवर “एलियनचं यान पृथ्वीकडे”. गेममध्ये वेग फार झाला की कक्षेची रेघ मिटतच नाही, दोन्ही टोकं उघडी राहतात. आलात, वळलात, गेलात. हा पाहुणा तसाच, सूर्यमालेच्या बाहेरून आला, सूर्याला वळसा घालून चालला. पृथ्वीच्या जवळ आला तेव्हा अंतर 27 कोटी किलोमीटर होतं. चॅनेलवाल्यांनी ते अंतर सांगितलं असतं तर बातमी उरली नसती.

घ्यावा का? ज्याला हरलेलं सहन होत नाही त्याने नको. ज्याला रोज अर्धाच तास मिळतो त्यानेही नको, अर्ध्या तासात फक्त रॉकेट बांधून होतं. ज्याने लहानपणी रेडिओ उघडून परत न जोडता ठेवून दिला, त्याने सेलमध्ये डोळे झाकून घ्यावा. नवा, महागडा ग्राफिक्स कार्डवाला पीसी लागत नाही.

माझं सध्या असं चाललंय: गणपतीपासून एक गडी मनवर अडकलाय. इंधन संपलं, उतारावर कलंडलेला, तरी चेहऱ्यावर हसू. त्याला आणायला पाठवलेलं पहिलं यान वाटेत मेलं, सोलर पॅनेल लावायला विसरलो होतो. दुसरं उतरलं, पण शिडी नव्हती, गडी दारापर्यंत उड्या मारत राहिला. मग अण्णांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर यादी केली, ओझरची सवय: पॅनेल, शिडी, पॅराशूट, इंधन दीडपट. प्रत्येकापुढे चौकोन. परवा रात्री सगळ्या चौकोनांत टिक करून तिसरं यान सोडलं. दोन वाजता गड्यापासून शंभर मीटरवर, सरळ, चार पायांवर उतरवलं. अण्णा उठून उभे राहिले. गडी चालत आला, शिडी चढला, दार काही उघडेना. कॅबिन एका माणसाची होती, आणि त्या खुर्चीत मी पाठवलेला पायलट बसलेला होता.

अण्णांनी पेन मागितलं.