गंज काळा करणारी बाटली: चार जागा, वीस महिने

वीस महिन्यांपूर्वी रस्ट कन्व्हर्टरची, म्हणजे गंजावर लावून त्याचा घट्ट काळा थर करणाऱ्या द्रवाची, २५० मिलीची एक बाटली आणली आणि आमच्या जुन्या गाडीवर चार ठिकाणी लावली. डिकीतला स्टेपनीचा खड्डा आजही तेव्हा केला तसाच आहे, काळा, कोरडा, घट्ट. छताच्या पन्हळीत वीतभर पट्टा पुन्हा करावा लागला. दाराच्या खालच्या कडेचं काम दुसऱ्याच आठवड्यात खरवडून काढलं. आणि मागच्या डाव्या चाकाच्या कमानीने सातव्या महिन्यात अक्षरशः रडवलं. चारही ठिकाणी द्रव तोच, ब्रश तोच आणि हातही माझेच. म्हणून इथे बाटलीबद्दल जेवढं लिहिते आहे, तेवढंच ती कुठे लावावी आणि कुठे लावू नये याबद्दलही.

गाडी सव्वीस वर्षांची आहे. सासऱ्यांनी, अण्णांनी, घेतलेली. इंजिन अजून एका किल्लीत चालू होतं, पण पत्रा खालून सडत चालला होता. भंगारात काढा असं घरातही दोघातिघांनी सुचवलं. मला ती वाचवायची होती आणि शक्य तेवढं काम स्वतःच्या हाताने करायचं होतं.

बाटलीतला द्रव दुधासारखा पांढरा आणि पातळ. गंजावर ब्रशने लावला की आधी जांभळट होतो, मग वीस मिनिटांत निळसर काळा. पहिल्यांदा बघताना फार छान वाटतं. यात टॅनिक आम्ल असतं. ते गंजातल्या लोहाशी संयोग पावून फेरिक टॅनेट तयार करतं, पाण्यात न विरघळणारं काळं संयुग. पूर्वी कागदपत्रं लिहायला जी काळी शाई वापरत, तीही अशीच, झाडाच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार एकत्र करून बनायची. सोबत द्रवात पॉलिमर असतो, तो वाळून वर पातळ पापुद्रा धरतो आणि पुढच्या रंगाला पकड देतो. काही कन्व्हर्टर फॉस्फोरिक आम्लाचे असतात, ते गंजाचं लोह फॉस्फेट करतात. माझी बाटली टॅनिनवाली होती.

या रसायनातच त्याची मर्यादा आहे, आणि लेबलवर ती कुठेही सांगितलेली नाही. द्रवाला अभिक्रियेसाठी गंज लागतो. स्वच्छ चकचकीत पत्र्यावर तो नुसता पापुद्रा होऊन बसतो आणि नखाने निघतो. उलट पोपडे सुटलेल्या जाड गंजावर लावला तर वरचा थर काळा होतो, खालचा तपकिरीच राहतो, आणि पत्रा आतून पूर्वीसारखाच सडत राहतो. म्हणजे मधली अवस्था हवी: सगळे पोपडे काढलेले, पण पत्र्याला घट्ट चिकटलेला बारीक तांबूस गंज शिल्लक. लेबलवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘थेट गंजावर लावा, घासायची गरज नाही’. हे एक वाक्य मला महाग पडलं, आणि बाटलीला मी पूर्ण गुण देत नाही त्याचं पहिलं कारण हेच आहे.

आधी चांगलं काय झालं ते. स्टेपनी उचलली तर खाली पाणी साचलेलं होतं. ते कुठून येतं हे शोधायलाच पहिला दिवस गेला. मी डिकीत टॉर्च घेऊन बसले, बाहेरून मुलीने पाईप धरला, आणि मागच्या दिव्याच्या रबरी गॅस्केटखालून धार आत येताना दिसली. गॅस्केट बदललं, खड्डा दोन दिवस उघडा ठेवून वाळवला, मग तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने सुटा गंज काढला. पत्र्यात कुठेही भोक नव्हतं, गंज वरवरचाच होता. धूळ झटकून, ग्रीस पुसून कन्व्हर्टरचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी सगळा खड्डा एकसारखा काळा. दोन दिवसांनी त्यावर साधा रंग मारला, कारण कन्व्हर्टरचा पापुद्रा हा शेवटचा थर नव्हे, उघडा ठेवला तर ऊन-पाण्यात टिकत नाही. आज वीस महिन्यांनी तिथे बोट फिरवलं तरी बोटाला काही लागत नाही. अशा कामासाठी ही बाटली मी डोळे मिटून घेईन.

पन्हळीचं थोडक्यात सांगते. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावलं, अभिक्रिया पूर्ण व्हायच्या आत द्रव वाळला, आणि मधला पट्टा काळा न होता तपकिरी राहिला. संध्याकाळी सावलीत पुन्हा केलं, झालं. फार थंडीतही याचं काम मंदावतं, १० अंश सेल्सिअसच्या खाली लावूच नये.

आता कमान. तिथे रंगाखाली नाण्याएवढे तीन फोड दिसत होते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फोड दिसला म्हणजे गंज रंगाच्या बाहेरून नाही तर मागून येऊन पोचला असण्याचीच शक्यता जास्त. हे मला तेव्हा कळत नव्हतं. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “अगं, लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बसका आवाज करतो.” मी ठोकलं. आवाज बसकाच आला. तरीही मी फोड खरवडले, दोन भोकं पडली त्यांच्याभोवती कन्व्हर्टर लावला, वरून फायबरची जाळी आणि रेझिन, त्यावर पुट्टी (खळगे भरायचा लेप), घासणी, प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग. दिसायला इतकं सुबक झालं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

सातव्या महिन्यात कमानीच्या ओठावर केसाएवढी तपकिरी रेघ आली. आठवड्याभरात रंग फुगला. चपटी पटाशी घातली तर पुट्टीचा तळहाताएवढा तुकडा एका झटक्यात हातात आला, आणि त्याची मागची बाजू ओली होती. तो ओला तुकडा मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

झालं असं होतं. चाकाच्या कमानीत बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा ओठापाशी एकमेकांवर दुमडून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांसारखं वेल्डिंग करून, जोडलेले असतात. दोन पत्र्यांच्या मधली फट म्हणजे चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी धरून ठेवायची हक्काची जागा, आणि चिखलात मीठ असेल तर गंजाचा वेग आणखी वाढतो. माझा कन्व्हर्टर बाहेरून लागला, फटीत पोचलाच नाही. वर जी पुट्टी घातली, तिच्यात टाल्कची पूड भरलेली असते आणि ती ओलावा शोषते. मागून पाणी, पुढे रंगाचं झाकण, मध्ये ओली पुट्टी. पत्रा आतल्या आत सडत गेला. भोक पडलेल्या पत्र्यावर मागची बाजू मोकळी सोडून जाळी आणि पुट्टी लावणं ही दुरुस्ती नव्हे, आणि कुठलाही कन्व्हर्टर त्याला दुरुस्ती बनवू शकत नाही. ज्यांच्या गाडीला आज फोड दिसतायत त्यांना मी कळकळीने सांगते: आधी टोचून बघा. टोचलं की भोक पडत असेल, तर तेवढा पत्रा कापायलाच हवा.

दुसऱ्यांदा तेच केलं. बारीक डिस्क लावून ग्राइंडरने सडका भाग कापला, आणि चकचकीत, जाड, टणटण वाजणारा पत्रा लागेपर्यंत कापत गेले. नाण्याएवढ्या फोडांपासून सुरू झालेलं भोक दोन तळहातांएवढं झालं, पण थांबले नाही. आतल्या पत्र्यावरचा गंज तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. तिथे भोकं नव्हती, म्हणून ब्रश पोचेल तिथवर घासून कन्व्हर्टर तिथे लावला, आणि तिथे त्याने उत्तम काम केलं. हीच त्याची खरी जागा होती, सात महिने आधी मी ती झाकून टाकली होती.

नवा तुकडा ०.८ मिमीच्या पत्र्याचा, कारण गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण तेवढाच असतो. मिग वेल्डिंग मला येत नाही. इतक्या पातळ पत्र्यावर हात जरा रेंगाळला की भोक पडतं, सलग टाका ओढला तर पत्रा तापून वाकडा होतो. ज्यांना ते येतं ते लोक एक ठिपका इथे, पुढचा लांब तिथे असं करत जातात आणि आधी बॅटरीची वायर काढतात. मी पॅनेल बाँड, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पत्रे जोडणारा गोंद, वापरला. जुन्या पत्र्याची कड आत दाबून पायरी केली, म्हणजे नवा तुकडा वर न येता समपातळीत बसतो. दोन्ही बाजू चकचकीत घासून चिकटवल्या आणि रात्रभर शिकंजे लावून ठेवले. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळाच. हे चिकटवणं फक्त बाहेरच्या कातडीसाठी. दाराखालचे सिल, सीटबेल्टचे बोल्ट, सस्पेन्शनच्या जागा, जॅक टेकवायच्या जागा इथे गाडीचा आणि माणसांचा भार असतो. तिथे सड दिसली तर मी गाडी वेल्डिंग येणाऱ्या माणसाकडे देईन.

दाराची गोष्ट वेगळी, आणि बाटलीबद्दलची माझी दुसरी तक्रार तिथली. दाराच्या कडेवर कन्व्हर्टर लावून एक दिवस वाळवला आणि वर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारला, कारण पाणी अडवायला एपॉक्सी सर्वांत भरवशाचा असं ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण आठवडा झाला तरी प्रायमर चिकट, नखाने दाबलं तर ठसा उमटतो. एपॉक्सी कडक होतो तो त्याच्या हार्डनरमुळे, म्हणजे त्यात मिसळायच्या दुसऱ्या भागामुळे, हार्डनर अल्कधर्मी, आणि खाली उरलेलं आम्ल त्याच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे कन्व्हर्टर किंवा एपॉक्सी, दोन्हींतलं एकच. पत्रा पूर्ण चकचकीत करता येत असेल तर कन्व्हर्टर नकोच, थेट एपॉक्सी. खाचाखळग्यांत गंज राहणारच असेल तर कन्व्हर्टर आणि त्यावर त्याला चालणारा साधा प्रायमर. लेबलवर वर कुठला प्रायमर चालतो याबद्दल एक शब्द नाही. दोन ओळी छापल्या असत्या तर माझा एक अख्खा आठवडा वाचला असता.

दार सडायचं कारणही निराळंच निघालं. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आत जातं, ते ठीक आहे, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. आमच्या दाराची तिन्ही भोकं मातीने बुजलेली होती. तारेने मोकळी केली तेव्हा पेलाभर काळं पाणी बाहेर आलं. सगळं खरवडून, वाळवून, बाहेरून एपॉक्सी आणि आतून कॅव्हिटी वॅक्स. हे मेण लांब नळीने आत फवारतात, ते दुमडींत झिरपतं आणि मऊच राहतं, त्यामुळे त्याला तडा जात नाही. कमानीच्या आतही तेच मारलं. रंगकाम संपल्यावरच मारायचं, नाहीतर मेण रंगाच्या जागी पसरून रंग धरत नाही. या सगळ्या खटाटोपात गाडीचं आयुष्य सर्वांत जास्त कशाने वाढलं असेल तर या मेणाने आणि त्या तीन मोकळ्या भोकांनी, असं माझं ठाम मत झालंय.

वापरताना लागणाऱ्या काही गोष्टी. द्रव वेगळ्या वाटीत काढून घ्या. वापरलेला ब्रश बाटलीत बुडवला तर त्याच्यासोबत गंज आत जातो आणि उरलेला द्रव बाटलीतच काळा होऊन घट्ट होतो. फरशीवर सांडलं तर डाग शाईसारखा बसतो. आमच्या ओट्यावरचा डाग अजून आहे, अण्णा रोज बघतात आणि काही बोलत नाहीत. तारेचा गोल ब्रश ग्राइंडरवर लावला तर त्याच्या तारा सुटून उडतात, डोळ्यांवर चष्मा हवाच. शिवाय तो ब्रश जाड गंज काढण्याऐवजी घासून चकाकवतो आणि पत्रा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. जाळीदार काळी नायलॉनची डिस्क त्यापेक्षा बरी. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना चांगला मास्क लावा. पुट्टी नेहमी कोरडीच घासा, पाणी-पेपर प्रायमरनंतर.

कमानीला आता बारा महिने झाले. दर महिन्याला मी ओठाखालून बोट फिरवते, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकते. अजून टणटणच वाजतंय.

पाचपैकी साडेतीन देते. द्रवाला साडेचार दिले असते, लेबलाने एक कापला. पुन्हा घेईन, पण छोटीच बाटली, कारण उघडल्यावर ती फार दिवस राहत नाही. पुढचं काम बॅटरीखालच्या ट्रेचं. तिथे बॅटरीच्या आम्लाने पत्रा खाल्लाय, त्यामुळे आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ते आम्ल मारायचं, धुतलेलं पाणी फेसाळायचं थांबलं की वाळवायचं, आणि मग मुठीने ठोकून बघायचं. या वेळी ठोकणार अण्णा आहेत.