शॅडोइंग: ओटीचा हट्ट सोडा, ओपीडी मागून घ्या

मेडिकलला जायचं की नाही हे ठरवण्याआधी डॉक्टरांच्या मागे फिरून रुग्णालयाचं काम बघायचं, हे शॅडोइंग. सोय उत्तम, पण दर्जा जागोजागी वेगळा. नाव नोंदवताना बहुतेक मुलं एकच विचारतात, ऑपरेशन बघायला मिळेल का? मिळतंही. पण तिथे, म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), दिसते ती सर्जनची पाठ, हिरवी-निळी कापडं आणि त्यांच्यामधली वीतभर उघडी जागा. निवड करता येत असेल तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया मागावी, निदान पडद्यावर सगळं दिसतं.

ओटीतले नियम थोडेच, पण कडक. निर्जंतुक कापडापासून फूटभर तरी लांब राहायचं आणि दोन निर्जंतुक टेबलांच्या मधून जायचं नाही. चुकून धक्का लागलाच तर त्याच क्षणी सिस्टरना सांगायचं. सांगितलं तर गाऊन किंवा कापड बदलून काम पुढे सुरू होतं. ओरडा बसेल या भीतीने लपवलं तर जंतुसंसर्गाचा धोका रुग्णाच्या वाट्याला येतो.

पहिल्या दिवशी भोवळ येणं नेहमीचंच. त्यात रक्ताच्या भीतीइतकाच वाटा उपाशी पोटाचा आणि गुडघे ताठ ठेवून तासभर उभं राहण्याचा. रक्त पायांत साठतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. म्हणून खाऊन जावं आणि उभ्या उभ्या पोटऱ्या आवळत-सोडत राहावं. घाम फुटला, कानात गुणगुण सुरू झाली की टेबलापासून दूर होऊन तिथेच भिंतीला टेकून खाली बसावं. दाराकडे धावणारे वाटेत कोसळतात आणि डोकं फोडून घेतात.

खरा ऐवज ओपीडीत आहे. गुडघा दाखवायला आलेला माणूस औषधाची चिठ्ठी घेऊन उठतो, दाराला हात लावतो आणि सहज म्हणतो, 'जिना चढताना छातीत जरा दाटतं, पण ते काही नाही.' डॉक्टर त्याला परत बसवतात, दाटणं किती पायऱ्यांनी सुरू होतं, थांबल्यावर किती वेळात जातं, हात-जबड्याकडे जातं का ते विचारतात आणि ईसीजी काढायला पाठवतात. ईसीजी नॉर्मल आला तरी विषय तिथे संपवत नाहीत, कारण बसल्या जागी काढलेल्या पट्टीत हा त्रास दिसेलच असं नसतं. त्यात बाहेरची रांग खोळंबते, कुणीतरी चिडतं. हा पेशा आपल्याला झेपेल का, याचा अंदाज इथे येतो. राउंडनंतर फायली आणि डिस्चार्ज कार्डं लिहिण्यात जाणारा वेळही बघावा. कंटाळवाणा आहे, पण नोकरीचा मोठा भाग तोच.

कार्यक्रम कच्चा कसा ओळखायचा? रोज नवा डॉक्टर, आणि दिवसाअखेर शंका विचारायला पाच मिनिटंही नाहीत. त्याहून वाईट म्हणजे विद्यार्थ्याची ओळख 'ज्युनिअर डॉक्टर' म्हणून करून देणं. रुग्णाची परवानगी विद्यार्थी आत येण्याआधी घ्यायला हवी. समोर उभं करून विचारलं तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि 'इंजेक्शन देऊन बघ, टाका घालून बघ' अशी लालूच असेल तर तिथे जाऊच नये. शॅडोइंगमध्ये हात लावायचा नसतो.

तयारी आधीपासून करावी. रुग्णालयाला हेपॅटायटिस बीच्या लसीचा दाखला लागतो का, हे पहिल्यांदा विचारा. तीन डोसांचा नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिने असा असतो, आदल्या आठवड्यात जमणार नाही. बूट बंद घ्यावेत, अंगठी-घड्याळ घरी ठेवावं. हाताला सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. वहीत रुग्णाचं नाव किंवा खाटेचा नंबर लिहू नये, फोटो तर नाहीच. लिफ्टमध्येही केसबद्दल बोलू नये, शेजारी उभा असलेला माणूस त्याच रुग्णाचा भाऊ असू शकतो.