आरे-वारेच्या वाटेवर १६,५०० रुपयांची फसवणूक

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला उतरायचे, फेरीबोटीतून गाडी जयगडला न्यायची आणि मालगुंड, गणपतीपुळे मागे टाकून आरे-वारेच्या चढावरून समुद्र पाहायचा, या हौसेने मी आईवडिलांना घेऊन निघालो होतो. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत कुठेच जागा नव्हती आणि वडिलांच्या गुडघ्यामुळे तळमजल्याचीच खोली हवी होती, म्हणून खोली भाड्याने देण्याच्या एका ऑनलाइन जाहिरातीतल्या घरावर मी विसंबलो. निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घ्यावी. आगाऊ ४,००० रुपये भरले, मग उरलेले भाडे म्हणून ७,५०० आणि ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून ५,०००. अनामत मागितली की तिथेच थांबा.

पहिले पैसे भरण्याआधी मी जाहिरात देणाऱ्याला फोनवर तवसाळच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारली होती. स्वतःला जन्मापासून तिथलाच म्हणवणारा तो इसम म्हणाला, “फेरी कशाला साहेब, पुलावरून या, वीस मिनिटांत पोचाल.” त्या खाडीवरून तेव्हा गाडी नेण्याजोगा पूल नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते, तरीही त्याला दुसरी खाडी वाटली असेल, अशी त्याची बाजू मीच मनातल्या मनात घेतली. पिन टाकताना पडद्यावर भलतेच नाव आले, तेव्हा ‘मेव्हण्याचे खाते आहे’ हेही मी ऐकून घेतले. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

तिन्हीसांजेला चिऱ्याच्या गडग्याआड तेच तुळशीवृंदावन आणि तोच निळा दरवाजा दिसला. आतून आलेल्या आजी म्हणाल्या, “फोटो आमच्याच घराचा हो, पण आम्ही खोल्या देत नाही. या महिन्यातले तुम्ही तिसरे.”

जवळच्या पोलीस ठाण्यात सांगितले, पैसे पुण्यातून गेले, तक्रार तिकडे करा; पुण्यात सांगितले, घटना कोकणातली. हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे नव्या कायद्यानुसार बंधनकारक असताना थकलेल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ही टोलवाटोलवी चालली होती. बँकेने तर ‘पिन तुम्हीच टाकला’ एवढ्यावर हात झटकले. पैसे गेल्याचे कळताच, ठाण्याची पायरी चढण्याआधी, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. मी तो दुसऱ्या दिवशी केला आणि तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. मी चार वेळा कळवूनही ती जाहिरात आजही त्याच निळ्या दरवाजाच्या फोटोसह सुरू आहे.