पोप चुकत आहेत असे वाटले, तर धर्मगुरूने काय करावे?

जुन्या लॅटिन विधीने मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करणारा धर्मगुरू वेदीपाशी वाकून मुख्य प्रार्थना हलक्या आवाजात सुरू करतो, तेव्हा अगदी सुरुवातीलाच ‘उना कुम फामुलो तुओ पापा नोस्त्रो’, म्हणजे ‘तुझा सेवक, आमचे पोप यांच्यासह’, हे शब्द येतात आणि विद्यमान पोपचे नाव घेतले जाते. चर्चमध्ये मोठे बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) परंपरानिष्ठ कॅथलिकांमध्ये जे तट पडले, त्यांचा भेद या ओळीपाशी स्पष्ट होतो. संत पेत्र बंधुसंघाचे धर्मगुरू ते नाव घेतात आणि त्या नावाची आज्ञाही पाळतात. संत दहावे पायस यांच्या नावाचा बंधुसंघ नाव घेतो, पण वादग्रस्त बाबतींत आज्ञा पाळत नाही. रोमचे आसन, म्हणजे पोपपद, रिक्त आहे असे मानणारे मात्र ते नाव गाळून पुढे जातात. यांपैकी कोणाच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) जावे, किंवा कोणाच्या वेदीसमोर कुटुंबासह गुडघे टेकावेत, हे ठरवणाऱ्याने प्रत्येक वाटेची किंमत आधी पाहून घ्यावी.

दहावे पायस बंधुसंघाची स्थापना आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये केली. रोमशी ५ मे १९८८ रोजी झालेल्या मसुद्यावर त्यांनी सही केली, दुसऱ्याच दिवशी माघार घेतली आणि ३० जून रोजी एकोन येथे, पोप दुसरे जॉन पॉल यांची मनाई असताना, चार बिशपांना दीक्षा दिली. श्रद्धाच संकटात असेल तर आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च कायदा ठरतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नाही. अंत्युखियात प्रेषित पौलाने पेत्राला, म्हणजे चर्च ज्याला पहिला पोप मानते त्यालाच, तोंडावर विरोध केला होता आणि श्रद्धेला धोका असेल तर वरिष्ठांनाही उघडपणे सुधारावे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे. मात्र पौलाने पेत्राला विरोध केला, त्याच्याविना समांतर व्यवस्था उभारली नाही, हा फरक मला निर्णायक वाटतो.

या व्यवस्थेचा भार शेवटी साध्या भाविकावर पडतो. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरांची दीक्षा खरी असली, तरी पापक्षमा वैध ठरण्यासाठी त्यांना अधिकारही असावा लागतो. आणीबाणीत चर्च तो अधिकार आपोआप पुरवते, असे बंधुसंघ म्हणत असे. रोमला ते मान्य नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दयावर्षासाठी तो अधिकार दिला आणि २०१६ मध्ये पुढेही चालू ठेवला, म्हणजे ज्या पोपच्या शिकवणीला बंधुसंघाचा विरोध होता, त्यांच्याच हातून ही शंका मिटली. एकोनच्या दीक्षेमुळे त्या चार बिशपांवर आलेला बहिष्कार तर २००९ मध्येच सोळावे बेनेडिक्ट यांनी उठवला होता, परंतु बंधुसंघाचे कायदेशीर स्थान तेव्हाही निश्चित झाले नाही.

एकोनच्या त्या दीक्षाविधीनंतर तीन आठवड्यांच्या आतच, १८ जुलै १९८८ रोजी, लफेव्र यांच्यापासून वेगळे झालेल्या धर्मगुरूंनी संत पेत्र बंधुसंघ स्थापन केला. येथे संस्कारांविषयी कसलीही शंका नाही, पण सुरक्षितता रोमच्या मर्जीवर अवलंबून आहे. जुलै २०२१ मध्ये फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर कडक बंधने घातली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये या संघाला वेगळी मुभा मिळेपर्यंत त्यांचे भवितव्य टांगणीला लागले होते. पोपच्या एखाद्या विधानाबद्दल अशा संघातील धर्मगुरू प्रवचनात सहसा मौन बाळगतात. त्या मौनाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे, पण ते मौन जड जाते, हेही खरे.

आसन रिक्त मानणाऱ्यांचे तर्कशास्त्र वरवर सर्वांत सरळ दिसते: पाखंडी, म्हणजे चर्चची श्रद्धा नाकारणारा, माणूस पोप असू शकत नाही, म्हणून हे पोप नव्हेत. संत रॉबर्ट बेलार्मिन यांनी उघड पाखंडी पोप पदाला आपोआप मुकतो असे मत मांडले होते, त्याचा ते आधार घेतात. पण पदच्युती झाली हे ठरवायचे कोणी? पहिल्या आसनाचा, म्हणजे पोपचा, न्याय कोणीही करू शकत नाही, असे चर्चच्या कायद्याचे १४०४ वे कलम सांगते. शिवाय आसन रिक्त मानले की चूक दुरुस्त करा असे सांगायला समोर कोणी उरतच नाही.

चौथी वाट कमी चर्चिली जाते, आणि मला तीच सर्वांत योग्य वाटते. २०१६ मध्ये बर्क, ब्रांडम्युलर, काफारा आणि माइस्नर या चार कार्डिनलांनी, घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना कम्युनियन (मिस्सेतील पवित्र भाकर) देण्याच्या प्रश्नासह पाच शंका पोपपुढे लेखी मांडल्या आणि उत्तर न आल्यावर त्या प्रसिद्ध केल्या. त्यांनी ना पद सोडले, ना वेगळे बिशप नेमले. उत्तर मिळाले नाही म्हणून हा मार्ग फसला, असे म्हणणाऱ्यांनी पोप बाविसावे जॉन आठवावेत. संतांच्या आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वी देवाचे दर्शन घडत नाही, असे प्रवचन त्यांनी १३३१ पासून आव्हिन्यों येथे केले. पॅरिसच्या ईशज्ञान्यांनी त्यांचे पद न नाकारता त्याला विरोध केला आणि डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये योग्य सिद्धांत जाहीर केला.