सोसायटीचं दप्तर आणि ओव्हरहेड स्कॅनर : वर्षभर वापरल्यावर

कुर्ल्याला आमच्या सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा खालच्या खणातली रजिस्टरं भिजली होती. त्यामुळे स्कॅनरचा खर्च सर्वसाधारण सभेत कुणी आडवला नाही. कॅमेरा वर, कागद खाली, अशा पद्धतीचं मशीन घेतलं. फ्लॅटबेडवर, म्हणजे काचेच्या साध्या स्कॅनरवर, जाड रजिस्टर पालथं दाबावं लागतं आणि शिवण उसवते. इथे फक्त पान उलटायचं. एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं : ब्लॅक अँड व्हाइट मोडच्या वाटेला जाऊ नका. आमच्या १९७०च्या दशकातल्या इतिवृत्तांची शाई तपकिरी पडलीय. त्या मोडमध्ये मशीन प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा ठरवतं, त्यात फिकी अक्षरं उडून जातात आणि जांभळ्या रबरी शिक्क्याखालची सही नुसता डाग होते. तेच पान रंगीत, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घेतलं की शिक्का वेगळा, सही वेगळी, खोडलेला आकडासुद्धा वाचता येतो. फाइल मोठी होते, होऊ दे.

स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर मशीनसोबत येतं, पण त्याचं मराठी अगदीच कच्चं. त्याच कामाचं टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. छापील परिपत्रकं ते बऱ्यापैकी वाचतं, रफार आणि जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात. हाताने लिहिलेल्या इतिवृत्तांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. त्यांच्यासाठी आम्ही एक्सेलमध्ये यादी केली : सभेची तारीख, विषय, पान. खरा वेळ खातं ते हे काम, स्कॅनिंग नव्हे. पण परवा डीम्ड कन्व्हेयन्सच्या (बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या) फाइलसाठी एक जुना ठराव हवा होता, तो वकिलांचा फोन चालू असतानाच सापडला. ज्यांनी पूर्वी कपाटं उपसलीत त्यांना याची किंमत कळेल.

लॅमिनेट केलेल्या कागदावर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा दिवा बंद करून मशीनचाच प्रकाश वापरावा. गंजलेल्या टाचण्या आधी काढा, नाहीतर पान फाटतं. फाइली पीडीएफ/ए मध्ये (दीर्घकाळ जपायच्या कागदांसाठीचा पीडीएफचा प्रकार) ठेवा आणि एक प्रत इमारतीबाहेर असू द्या. मूळ रजिस्टरं रद्दीत घालू नका. आय आणि जे नमुन्याची, म्हणजे सभासदांची नोंदवही आणि यादी, तर मुळीच नाही.

मंजूर नकाशे या मशीनखाली मावत नाहीत. ते बाहेरून मोठ्या स्कॅनरवर करून घ्यावे लागतात. घड्यांवर तडकलेला नकाशा रोलरमधून ओढू देऊ नका, सपाट ठेवून वरूनच फोटो काढायला सांगा.