थंडर गॉड वाइन कॅप्सूल - एक स्टार, तोही पॅकिंगला

सांधेदुखीवरचं चायनीज हर्बल औषध म्हणून नणंदेने सासूबाईंसाठी ऑनलाइन मागवलं. सेलरचं नाव लिहीत नाही, हाच माल वेगवेगळी लेबलं लावून बरेच जण विकतायत. परळला डिलिव्हरी वेळेत आली, बाटली दिसायला भारी, आत कापूस वगैरे, आणि समोर ठळक अक्षरात काय तर शंभर टक्के नॅचरल, नो साइड इफेक्ट्स! तिथेच माझं डोकं फिरलं.

आधी एक क्लिअर करते, ही थंडर गॉड वाइन, म्हणजे वेल (दारूतली वाइन नव्हे), फालतू झाडपाला नाही हां. ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी तिचं शास्त्रीय नाव, चीनमध्ये डॉक्टर लोक आमवातावर देतात, आणि 2014 मध्ये तिथल्या 207 पेशंटची ट्रायल छापून आली त्यात 24 आठवड्यांनी हिचा गुण मेथोट्रेक्सेटपेक्षा कमी पडला नव्हता. मेथोट्रेक्सेट म्हणजे आमवातावरची गोळी, सासूबाई दर रविवारी घेतात ती. म्हणजे गुण आहेच, पण जे औषध प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवतं त्याला साइड इफेक्ट नाहीत हे कुठल्या तोंडाने छापता?

औषधाला वापरतात ते हिचं मूळ, तेही साल काढून आतला गाभा. साल, पानं, फुलं सगळं विषारी, खाऊन माणसं दगावलीयत, तिकडे शेतात कीड मारायला पण हीच वापरायचे. ट्रिप्टोलाइड नावाचं जे द्रव्य आहे ना, गुण बराचसा त्याचाच आणि विष पण तेच, आणि औषधाचा डोस कुठे संपतो नि विषाचा कुठे सुरू होतो यात अंतर फार थोडं. मग लेबलवर निदान मूळ की पान, ट्रिप्टोलाइड किती, एवढं तरी हवं की नको? सासूबाईंचं भिंग घेऊन बाटली गोल फिरवून वाचली, तर ‘हर्ब एक्स्ट्रॅक्ट, दोन सकाळी दोन रात्री’. संपलं.

त्यात आमचे धाकटे भावजी, नुकतंच लग्न झालंय, जिममध्ये गुडघा दुखावलाय, म्हणे वहिनी मी पण खाऊन बघू का दोन. म्हटलं बघा, शुक्राणू कमी करते ही, इतके की पुरुषांसाठी गर्भनिरोधक होईल का म्हणून अभ्यास झालेत हिच्यावर. बाटली जशी उचलली तशी खाली! बायकांची पाळी पण बंद होऊ शकते, खूप काळ घेतली तर हाडं ठिसूळ होतात, लिव्हर-किडनीला त्रास होतो तो वेगळाच.

सासूबाईंच्या डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांनी सरळ नको सांगितलं, मेथोट्रेक्सेट चालू असताना लिव्हरवर डबल लोड कशाला. आणि हे काही फक्त चायनीज मालाचं नाही, 2021 मध्ये आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा. पण वेल आहे म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा. घ्यायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, अशी बाटली मागवून नाही.

रिफंड मागितला तर सील तोडलंय म्हणून रिजेक्ट केला. अहो, बाहेर काही लिहिलं नाही म्हटल्यावर आतलं माहितीपत्रक वाचायला सील तोडावंच लागणार ना, आणि आत माहितीपत्रकच नव्हतं.